लावणीच्या आठवड्यातले आण्णा

आषाढात आजऱ्याच्या शिवारात रोपलावण सुरू झाली की घराघरांतल्या बायका पैऱ्याला जातात. आज हिच्या वाफ्यात, उद्या तिच्या. डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, पाय चिखलात आणि दिवसभर वाकलेली कंबर. या आठवड्यात आमच्या शेजारचे आण्णा स्वयंपाकघराचा चार्ज घेतात. एरवी वर्षभर त्यांचं तिथलं काम एकच, मीठ कमी की जास्त ते सांगणं.

आण्णांचं पाकशास्त्र एका नियमावर चालतं : जमलं ते हातामुळं, बिघडलं ते मालामुळं. पहिल्या दिवशी पिठल्यात गुठळ्या झाल्या, तेव्हा गिरणीवाल्याचा उद्धार झाला. दुसऱ्या दिवशी नाचण्याची भाकरी. या पिठाला चिकटपणा नसतो, ते उकळत्या पाण्यात उकडून मगच मळायचं, असं काकू बजावून गेल्या होत्या. आण्णांनी नळाचं गार पाणी ओतलं. भाकरी परातीत गोल दिसली. तव्यावर पोचेस्तोवर तिचे कोल्हापूर जिल्ह्यासारखे १२ तालुके झाले. त्यातला आजरा शेवटपर्यंत ओलाच राहिला.

"यंदाचा नाचणाच हलका हाय," भिंतीवरून आण्णांनी जाहीर केलं.

मग एके दिवशी कुणीतरी ओढ्यातले खेकडे आणून दिले. नेमकी लाइट गेलेली, मिक्सर बंद. आण्णांनी पाटा धुतला. नांग्या बाजूला काढल्या, बारीक पाय ठेचले, पाण्यात कोळून फडक्यानं गाळून घेतले. त्या रसात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि घरची चटणी पडली. उकळी फुटली तसा लाल तवंग पातेल्याच्या कडेला सरकला आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. रस्सा खरोखर फर्मास झाला होता. आण्णांनी तो वाटी-वाटीनं घरोघर पोचवला. वाटी परत न्यायला स्वतःच आले, आणि "बरा झालाय" म्हणणाऱ्याकडून "झकास झालाय" असं वदवून घेतल्याशिवाय उंबऱ्यावरून हलले नाहीत.

यश डोक्यात गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंनी पाहुण्यारावळ्यांसाठी जपलेला घनसाळचा डबा उतरवला. दाणा आखूड, पण शिजायला लागला की शेजाऱ्यालाही कळतं आज काय बेत आहे. आण्णांनी पाणी मात्र रोजच्या रेशनच्या तांदळाच्या मापानं ओतलं. कुकर उघडला तर भाताचा गिचका. वास स्वर्गीय, रूप लापशीचं.

इथं आण्णांचा नियम अडला. दोष द्यायचा कुणाला? आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवणारे आण्णाच. सरकारनं शिक्का मारलेल्या मालाला हलकं कसं म्हणायचं? आण्णा पातेल्याकडं बघत काही वेळ गप्प बसले. मग तांब्याभर गरम पाणी ओतलं, मीठ घातलं, वरून तूप सोडलं आणि जाहीर केलं, "आज पेज हाय!"

संध्याकाळी बायका भिजून, कुडकुडत परतल्या. वाफाळती पेज आणि सोबत लिंबाचं लोणचं. ओरपल्याचे आवाज तेवढे ऐकू येत होते. काकू म्हणाल्या, "असली पेज मला कधी जमली न्हाई."

"त्याला हात लागतो," आण्णा म्हणाले.

"व्हय की," म्हणत काकूंनी डब्यात हात घालून तळ चाचपला.

सकाळी रानात निघण्याआधी त्यांनी उरलेला घनसाळ कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि ओट्यावर रेशनच्या तांदळाचं गाठोडं ठेवलं. थोड्याच वेळात आण्णा भिंतीपाशी आले. शेगडी अजून पेटायची होती.

"बघ गा," ते म्हणाले, "माल असला दिल्यावर माणसानं करायचं तरी काय?"