आठ फुटांच्या गावात एकतीस पिक्सेल

मारेगावात आनंद फुटांत मोजतात. वाढदिवस सहा बाय चार, सोसायटीची निवडणूक जिंकली तर दहा बाय वीस. आणि साहेब स्वतः येणार असले की चौकातला विजेचा खांबही दिसेनासा होतो. अशा गावात राहून मी जे बनवतो त्याचं माप 88 बाय 31. फूट नाही, इंच नाही, पिक्सेल.

"एवढ्याशात फोटो कुठी बसन भाऊ?" फ्लेक्सवाल्या मित्राचा हा पहिला प्रश्न, आणि त्याच्या धंद्यात तो रास्तच आहे.

हे माप माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. 1990च्या दशकात 'नेटस्केप नाऊ' असं लिहिलेलं याच मापाचं चिमुकलं बटण, म्हणजे बिल्ला, वेबसाइटच्या तळाशी चिकटवायची साथ आली होती. पाहुण्यानं अमुक ब्राउझरमधूनच पान बघावं, असा यजमानाचा प्रेमळ दम त्यात असे. जिओसिटीज नावाच्या साइटवर तर लोकांनी आपल्या पानांची घरंच बांधली. तिथे 'हॉलिवूड', 'हार्टलँड' असे मोहल्ले होते आणि प्रत्येक पानाला घर नंबर. मारेगावचा वॉर्ड काही निघाला नाही. 1999मध्ये याहूनं ही वस्ती विकत घेतली आणि 2009च्या ऑक्टोबरात उठवली. 2013मध्ये निओसिटीज सुरू झालं, तेव्हा तिथे पुन्हा झोपड्या पडल्या आणि दारादारांवर तेच बिल्ले लागले.

88 गुणिले 31 म्हणजे 2728 ठिपके. इंग्रजी अक्षर पाच ठिपक्यांच्या उंचीत गपगुमान बसतं. देवनागरीला मात्र आधी शिरोरेखेची एक ओळ द्या, वर मात्रेसाठी चार, आणि कुणाला उकार असला तर खालीही जागा. 'मारेगाव'ला उकार नाही, हे आपल्या पूर्वजांचे उपकार. पण 'गा'मध्ये दोन काठ्या शेजारी उभ्या राहतात. मधला एक ठिपका सुटला नाही, तर दोघी मिळून एक जाड भिंत होते. आणि 'रे'ची मात्रा दोन ठिपक्यांत उरकावी म्हटलं, तर ती पडद्यावरची धूळ वाटते. पुसल्यावर उरतं 'मारगाव', आणि अशा गावात पाहुणे येत नाहीत.

शेजारी कापसाचं बोंड हवंच. काळ्या जमिनीवर पांढरे ठिपके टाकले. मित्र म्हणाला, "मस्त पॉपकॉर्न." मग पांढऱ्याच्या पोटात थोडा राखाडी घातला आणि खाली वाळलेल्या टरफलाचे तीन तपकिरी ठिपके टेकवले. त्या तीन ठिपक्यांनी पॉपकॉर्नचा कापूस झाला. कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या ग्रेडरनं पास केला असता की नाही, सांगवत नाही.

माणसाचा चेहरा त्याहून सोपा निघाला. काळा गॉगल दोन ओळी, मिशी दोन ओळी, कपाळावर एक लाल ठिपका. नाक बसत नाही, पण फ्लेक्सवर तरी नाकाकडे कोण बघतो? मित्रानं स्क्रीनवर डोळे बारीक करून पाहिलं आणि तीन माजी पदाधिकाऱ्यांची नावं घेतली. एकाच चेहऱ्यात.

खरी गोडी त्याला शेवटी लागली. हे बिल्ले बनवून आपल्याच पानावर ठेवत नाहीत. दुसऱ्याचा आपल्या तळाशी, आपला दुसऱ्याच्या तळाशी, अशी ओळीनं मांडणी असते. दाबलं की त्याच्या घरी पोचता.

"म्हणजे शुभेच्छुक!" तो ओरडला. "मंग आधी सांगाव ना बाप्पा!"

लगेच त्यानं माझा बिल्ला फ्लेक्सवर घ्यायला काढला. आठ फूट रुंद ताणल्यावर सॉफ्टवेअरनं सगळ्या कडा गुळगुळीत केल्या आणि बोंडाचा ढग झाला. मी सेटिंग बदलून दिलं, तसा एकेक पिक्सेल इंचभराहून मोठी फरशी होऊन ठसठशीत बसला. उंची भरली पावणेतीन फुटांच्या वर थोडी.

त्यानं टेप गुंडाळला.

"आठ बाय तीन बरं नाही दिसत भाऊ. आठ बाय पाच घे. खालच्या दोन फुटांत शुभेच्छुक टाकून देतो, सात-आठ जण तर माह्याकडे तयारच पडून हायेत."