विमान लावा आणि काढा

या गृहस्थांची ओळख करून द्यायची गरज नाही. सोसायटीत, कचेरीत, लग्नाच्या हॉलवर ते असतातच. कुणी "अहो, नेट गेलं" एवढं पुटपुटलं, की तीन रांगा पलीकडून आवाज येतो, "विमान लावा आणि काढा!" त्यांना आपण रेंजकाका म्हणू. वय पन्नाशीपुढचं, शर्टाच्या खिशात दोन फोन आणि त्यांत मिळून तीन कंपन्यांची सिमं, कारण एकावर विसंबून राहू नये. खऱ्या विमानात ते फार तर दोनदा बसले असतील, पण फोनमधलं विमान दिवसभर उडवत-उतरवत असतात. पेमेंट अडकलं, विमान. नातवाचा व्हिडिओ कॉल थिजला, विमान. सूनबाईंना फोन लागत नसला, तर 'विमान लावून बघ' असा मेसेज तिला पाठवतात. तो पोचत नाही, मग पुन्हा स्वतःचं विमान. घरची मंडळी याला खूळ म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. काका हास्यास्पद असतील, पण ते बहुतेक वेळा बरोबर असतात. आणि जिथे खरोखर चुकतात, तिथे त्यांना कुणी हसत नाही, उलट सगळे त्यांच्या बाजूने हात वर करतात.

आधी विमानाचंच घेऊ. फोन एका टॉवरला चिकटला की लगेच सोडत नाही; जागा बदलली, भिंती आड आल्या, तरी जुनंच नातं ओढत बसतो. विमान लावलं की ते तुटतं आणि काढलं की फोन नव्याने शोध घेऊन, जमलं तर जवळचा टॉवर धरतो. म्हणजे उपाय शास्त्रशुद्ध आहे. काकांना त्यातलं शास्त्र ठाऊक नाही, पण पथ्य ठाऊक आहे. "लगेच काढू नका, दहा आकडे मोजा," हे ते आयुर्वेदाच्या गांभीर्याने सांगतात. खिडकीशी जाऊन उभं राहण्याचंही तसंच. काँक्रीट आणि लोखंडी सळ्या लहरी अडवतात, त्यातही 2300 मेगाहर्ट्झच्या लहरी 900 वाल्यांपेक्षा भिंतीशी लवकर हार मानतात. त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीत, कढीपत्त्याच्या कुंडीला खेटून, एक हात ग्रिलबाहेर काढून बोलणारा माणूस वेडा नसतो. काकूंना फोडणी देता येत नाही, हा मुद्दा निराळा. कोकण रेल्वेत रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा येण्याआधी काका सगळ्या डब्याला विमान लावायला सांगतात. तेही बरोबरच, कारण टॉवर सापडत नसला की फोन तो शोधण्यातच बॅटरी जाळतो.

फसगत होते ती काड्यांच्या बाबतीत. पडद्यावर काड्या भरलेल्या आणि तरी गोल फिरतंय, हा काकांना वैयक्तिक अपमान वाटतो. पण काड्या सांगतात ती लहरींची ताकद. त्याच टॉवरवर किती जण लटकलेत हे त्या सांगत नाहीत. रात्री नऊला सगळी कॉलनी क्रिकेट बघत असेल, तर काड्या पाचच्या पाच राहतात आणि वाट्याला थेंब येतो. अशा वेळी विमानाचा काहीएक उपयोग नसतो, पण तेवढ्या खातर कुणी श्रद्धा सोडत नाही.

आता गुड मॉर्निंगचा आरोप. नेट 'झोपू नये' म्हणून काका पहाटे पाचपासून ग्रुपवर गुलाब, सूर्योदय आणि सुविचार सोडत राहतात, असं त्यांच्या घरचे म्हणतात. यामागची शंका खरी आहे. काही सेकंद देवाणघेवाण झाली नाही, तर फोन आणि टॉवर यांच्यातला रेडिओचा दुवा मुद्दाम सोडला जातो, बॅटरी वाचावी म्हणून. आणखी काही मिनिटं शांतता राहिली, तर कंपनीकडची वाटही बंद होऊ शकते. म्हणूनच निरोपांची अॅपं मधूनमधून 'मी आहे' असा बारीकसा ठोका आपणहून पाठवत असतात. ते काम गुपचूप होत असताना वर गुलाबाची गरज नाही, हे मान्य. मात्र फोनने उपजतच जोडणी सोडायची आणि माणसाने ती धरून ठेवायची, या झटापटीची जाणीव अख्ख्या ग्रुपमध्ये एकट्या काकांनाच आहे.

यावर तरुण मंडळी म्हणतील, वायफाय घ्या आणि विषय संपवा. शहरात संपेलही. पण रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राला अंगठा जुळवायला नेट लागतं, आणि डोंगरातल्या वाडीत ते दुकानाच्या आत असेलच असं नाही. 2020 च्या टाळेबंदीत कोकणातली पोरं वर्गासाठी डोंगर चढत होती, हे सगळ्यांनी वाचलं आहे. अशा गावातही एक रेंजकाका असतो. कुठल्या पारावर दोन काड्या येतात, दुपारी कुठे आणि पावसात कुठे, हे त्याला पाठ असतं. तो दुकानदाराला यंत्र उचलून तिथे न्यायला लावतो, म्हातारीला अंगठा पदराला पुसायला सांगतो, यंत्र डोक्याएवढं उंच धरतो, आणि पावती बाहेर येईपर्यंत कुणाला श्वास घेऊ देत नाही. त्या दिवशी तिचा तांदूळ घरी जातो तो या माणसाच्या खुळामुळे. तिथे त्याला हसायची माझी तरी तयारी नाही.

शहरातल्या काकांची खरी चूक दिसते ती सोसायटीच्या वार्षिक सभेत. गच्चीवर टॉवर बसवायचा प्रस्ताव येतो, आणि सगळ्यात आधी उभे राहतात ते हेच. "रेडिएशन! आमच्या डोक्यावर? मुळीच नाही." छताला वजन पेलेल का, भाडं कुठल्या खात्यात जाणार, हे प्रश्न रास्त आहेत, पण ते काकांचे नव्हेत. त्यांच्या भीतीला उत्तर आहे. भारताने टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय निकषाच्या एक दशांशावर आणली आहे. आणि टॉवर जितका दूर, तितका फोन जास्त जोर लावून लहरी सोडतो. म्हणजे टॉवर हाकलून देऊन काकांनी ते रेडिएशन कानाशी आणून ठेवलं. हे कुणी समजावू लागलं, तर ते हातातला फोन उंच करून, "थांबा, व्हॉट्सअॅपवर आलंय, दाखवतो," म्हणतात. गोल फिरत राहतं. काका विमान लावतात. तोवर ठराव टाकला जातो, सगळे हात वर होतात आणि टॉवर एकमताने नामंजूर होतो. ठरावाची पीडीएफ ग्रुपवर पडते दुसऱ्या दिवशी, कारण त्या रात्री सेक्रेटरींचं नेट गेलेलं असतं.