डिस्क ओरिजिनल आहे हो!

आमच्या घरात चोरीचा सिनेमा लागत नाही, हे मी येईल-जाईल त्याला ऐकवत असतो. भाचा मोबाइलवर काही उतरवून घेताना दिसला की त्याला कलावंताच्या घामाची किंमत समजावतो. त्यामुळे अमेरिकेतल्या मेहुण्याने सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचा ब्लू-रे संच पाठवला, तेव्हा सोसायटीतल्या मंडळींना मी रविवारी त्यातला 'पथेर पांचाली' बघायला बोलावूनच टाकलं. "आधी लावून तर बघा," असं बायको म्हणाली होती. पण ती तसं प्रेशर कुकरपासून पासपोर्टपर्यंत सगळ्यालाच म्हणते.

विंडोज स्वतःहून ब्लू-रे लावत नाही. संगणकाच्या ब्लू-रे ड्राइव्हसोबत एक प्लेयर फुकट आला होता, त्याच्यावर माझी भिस्त. त्याने डिस्क पाहिली, बराच वेळ घरघर ऐकवली आणि 'अपडेट करा' म्हणाला. अपडेट करायला गेलो, तर त्याची मुदत संपलेली. नवी आवृत्ती विकत घ्या.

का, तर ब्लू-रेवरचा सिनेमा एएसीएस नावाच्या कुलपात असतो आणि त्याच्या किल्ल्या ठरावीक प्लेयरनाच मिळतात. एखाद्याची किल्ली फुटली की तो काळ्या यादीत. २००७ मध्ये विनडीव्हीडी नावाच्या प्लेयरच्या किल्ल्या अशाच बाद झाल्या होत्या. खरी मेख पुढे आहे. ही यादी नव्या डिस्कवरूनच घरात येते आणि ड्राइव्ह ती आपल्या स्मरणात उतरवून घेतो, कायमची. मग त्या प्लेयरला काल सुरळीत चालणारी जुनी डिस्कसुद्धा उघडता येत नाही. लग्नाला आलेली आत्या जाता जाता सासूचे कान भरून जाते, तसला प्रकार. आणि या आत्याला आवतण देणारा मीच!

पैसे भरले. नवा प्लेयर म्हणाला, ड्राइव्हचं फर्मवेअर जुनं आहे. म्हणजे ड्राइव्हच्या पोटातल्या चिपवरचा प्रोग्रॅम. तो बदलताना मध्येच वीज गेली तर ड्राइव्हचा पेपरवेट होऊ शकतो. पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि नेमका स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

"बंद कर! फ्यूज उडेल!"

"खोबरं वाटतेय. वेल्डिंग नाही करत."

फ्यूज उडाला नाही. पाहुणे मात्र आले.

आता पडद्याची पाळी. ग्राफिक्स कार्ड आणि पडदा यांनी एचडीसीपी नावाच्या भाषेत एकमेकांची ओळख पटवावी लागते, आणि माझा मॉनिटर व्हीजीएच्या निळ्या पिनेवाला, त्याला ती भाषाच येत नाही. शेवटी सगळं धूड उचलून हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडलं. केबल आखूड, म्हणून सीपीयू टीपॉयवर आणि भजी पाहुण्यांच्या मांडीवर. "मामा, मोबाइलवरून टीव्हीवर टाकू का? दोन मिनिटांत लागेल," भाचा म्हणाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चटणी आणायला उठला.

आणि मग पाटी आली: विभाग जुळत नाही. ब्लू-रेवाल्यांनी जगाची तीन विभागांत वाटणी केली आहे. अमेरिका 'ए', युरोप 'बी', भारत 'सी'. बंगालच्या खेड्यात चित्रित झालेला हा सिनेमा. १९९३ मध्ये लंडनमधल्या एका आगीत त्याच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या, पुढे बोलोन्यातल्या कारागिरांनी शेकडो तास खपून त्या हाताने जोडल्या. आगीतून वाचलेला अपू पुण्यात माझ्या हॉलच्या उंबऱ्याशी अडला, कारण तो अमेरिकेहून आला होता! सेटिंगमध्ये विभाग बदलता येतो, पण मोजक्याच वेळा. तसा सज्जड दम प्लेयरने दिला. मी इष्टदेवतेचं नाव घेऊन 'ए' दाबलं.

(४के डिस्कवाल्यांनी मला हसू नये. त्यांना संगणकावर इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागते, आणि २०२१ पासूनच्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून ती इंटेलनेच काढून टाकली. त्यांच्याकडे जितका नवा संगणक, तितका अंधार.)

चित्र आलं. पानं, उन्हाचे कवडसे, प्रत्येक करडी छटा वेगळी. माझा ऊर भरून आला. मी पाहुण्यांकडे वळलो. शेजारच्या काकांनी चष्मा सावरून टीव्हीकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे.

"छान आलंय," ते म्हणाले. "आता रंगाचं तेवढं अपडेट करून घे, आम्ही थांबतो."