समन्वयक सर

मालवणच्या किनाऱ्यावर कुणाचा नारळ देऊन सत्कार करणं म्हणजे कोळणीला बांगडा भेट देणं. परसात दहा माड असलेल्या माणसाच्या हातात बाजारातून आणलेला, शेंडी राखलेला नारळ ठेवायचा आणि त्यानं तो भरल्या डोळ्यांनी घ्यायचा, हे कुठल्याच अर्थशास्त्रात बसत नाही. तरीही लोणेऱ्यापासून हरकुळ, कुंभारमाठ, सावंतवाडीपर्यंत जिथं जिथं अभियांत्रिकी शिकवतात, तिथं हा नारळ वर्षभर हातोहात फिरत असतो. तो फिरवणारा माणूस प्रत्येक विभागात एकच असतो आणि त्याची बदली झाली तर जागेवर तसाच दुसरा उगवतो. त्यांना समन्वयक सर म्हणतात.

शिकवायला त्यांच्याकडे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स असतं, पण त्यांचं खरं मटेरियल कपाटात असतं: एक समई, तेलाची बाटली, सहा शाली, फीत, कात्री आणि सोनेरी कडांच्या जाड कागदाचा गठ्ठा. नसते ती फक्त काडेपेटी. ती दीपप्रज्वलनाच्या क्षणी प्रमुख पाहुण्यांच्या ड्रायव्हरकडून मागून आणावी लागते. विद्यार्थी संघटना, माजी विद्यार्थी मेळावा, औद्योगिक भेट, विभागाचं वार्तापत्र, या सगळ्यांचे समन्वयक तेच. गेटमध्ये कुणाला बरा स्कोअर आला, कुणाची केटी अखेर सुटली, वर्कशॉपमधल्या कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, हे एचओडींच्या आधी त्यांना कळतं. सत्कार मात्र त्यांच्या लेखी फोटो निघाल्यावरच पुरा होतो आणि फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश उमटल्यावरच फोटो खरा ठरतो, कारण नॅकला जिओटॅग लागतो. शाल खांद्यावर पडून पाच मिनिटं झाली तरी सत्कारमूर्ती अर्धवट वाकलेलीच, आणि सर मोबाइल आभाळाकडे धरून रेंज शोधताहेत, हे दृश्य विभागात कुणालाच नवं नसतं.

हे सगळं एनबीएच्या मानांकनासाठी चाललंय, असं स्टाफरूममध्ये म्हणतात. आक्षेप अभियंत्यांचा आहे, तेव्हा तो आकड्यांनीच तपासावा. एनबीएच्या 2015 च्या नमुन्यात पदवी अभ्यासक्रमाला एकूण 1000 गुण. त्यातले 200 शिक्षकांची माहिती आणि योगदान यांना. आणि सरांचं सगळं साम्राज्य, म्हणजे संघटना व कार्यक्रम यांना 5, वार्तापत्र-नियतकालिकांना 5 आणि बाहेरच्या स्पर्धांतल्या सहभागाला 10, मिळून 20. ज्याला हिशेब कळतो तो या 20 गुणांसाठी रात्री अकरापर्यंत सामंतांचा सावंत होऊ नये म्हणून प्रमाणपत्रांवर नावं तपासत बसणार नाही. तेवढ्या वेळात तो एखादा शोधनिबंध पाडेल. सर नावं तपासत बसतात. त्याअर्थी कारण दुसरं आहे, आणि ते अभियांत्रिकीच्या स्वभावात आहे. या धंद्यात काम नीट झालं की ते दिसेनासं होतं. लेथ व्यवस्थित चालला तर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही; तो थरथरायला लागला की अख्खा विभाग भोवती जमतो. धरणाचं दार वेळेवर उघडलं म्हणून खालच्या गावात कुणी टाळ्या वाजवत नाही. खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवणाऱ्या विश्वेश्वरय्यांसाठीसुद्धा 15 सप्टेंबर ही तारीख मुद्दाम राखून ठेवावी लागली. (कोकणात तीही धड राखता येत नाही. 2018 साली चतुर्थी 13 सप्टेंबरला आली. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सिंधुदुर्गात अभियंता दिन साजरा करायला सभागृहात समई तेवढी हजर राहिली असती. अशा वर्षी सर तो पुढं ढकलतात. विश्वेश्वरय्यांची हरकत येत नाही.) जिथं चांगलं काम आपोआप डोळ्यांत भरत नाही, तिथं ते बोट दाखवून दाखवणारा माणूस लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळ्यांनाच प्रमाणपत्र वाटलं की त्याला किंमत काय उरली? खुर्च्या मांडणाऱ्यालाही ते मिळतं आणि रोबो बनवणाऱ्यालाही. हा आक्षेप घेणारे सर्वसाधारणपणे घाटावरून आलेले असतात आणि मान म्हणजे बक्षीस असं धरून चालतात. कोकणात गुणांचं कौतुक कमी होतं असं नाही. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, त्यामुळे इथला मुलगा अभियांत्रिकीला पोचेपर्यंत वाडीच्या, ज्ञातीच्या आणि मुंबईच्या चाकरमान्यांच्या मंडळाचे गुणगौरव झेलून निर्ढावलेला असतो. पण मान ही वेगळी चीज आहे. देवळात पहिला मान कुणाचा हे परीक्षा घेऊन ठरलेलं नसतं. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर मानाचा नारळ आधी समुद्रात पडतो, मग बाकीच्यांचे. मानाचा नारळ जास्त गोड असतो असा कुणाचा दावा नसतो. मान म्हणजे जागा, पाळी आणि तिच्यासोबत येणारं काम. मानकऱ्याला आधी देवळात जाऊन झाडलोट पाहावी लागते. आणि प्रसाद तर रांगेतल्या प्रत्येकाला मिळतो. त्यानं प्रसादाचा भाव उतरला असं आंगणेवाडीच्या जत्रेत आजवर कुणी म्हटलेलं नाही. त्या जत्रेची तारीख पंचांगावर नाही, देवीच्या कौलावर ठरते. एनबीएच्या समितीची तारीखही तशीच अचानक येते, आणि ती आली की विभागातल्या फायलींचा ताबा कुणाकडे जातो, हे काय सांगायला हवं? त्या आठवड्यात एचओडीसुद्धा सरांपुढं गाऱ्हाणं घालतात आणि बाकीचा स्टाफ मागून ‘होय म्हाराजा’ म्हणतो.

तेव्हा सरांना प्रमाणपत्रांचे घाऊक व्यापारी म्हणून हिणवणं चूक आहे. त्यांचा दोष दुसरीकडे आहे: त्यांची यादी फोटोत मावते तेवढीच असते. लेथला तेल घालणारे, प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी बिघडलेली मोटर पुन्हा वळवून देणारे, ओरलच्या दिवशी घाबरलेल्या पोराला हळूच सूत्र सांगणारे लॅबमधले मामा त्या यादीत क्वचितच येतात, कारण समारंभाच्या वेळी ते माइकची वायर धरून स्टेजच्या मागं उभे असतात. आभारात त्यांचा उल्लेख ‘ज्ञात-अज्ञात हातांनी’ या दोन शब्दांत उरकतो, आणि मामा तर सगळ्यांना चांगलेच ज्ञात असतात. समोरच्या समुद्रात 1664 ते 1667 या काळात पायात शिसं ओतून सिंधुदुर्ग उभा राहिला, त्याचे दगड घडवणाऱ्यांची यादीही कुणी ठेवली नाही. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी तेवढी हुशारी केली: जगदीश्वराच्या पायरीवर आपलं नाव कोरून घेतलं. शाल फाटते, पायरी राहते. सरांच्या हे लक्षात येत नाही असं नाही. एखाद्या वर्षी ते मामांचं नाव यादीत घालतातही, पण ऐन वेळी शाली कमी पडतात आणि कमी पडलेली शाल नेहमी शेवटच्या नावाची असते.

कार्यक्रम संपल्यावर बॅनर मामाच उतरवतात. सर बजावतात, ‘घडी घालू नका, गुंडाळा. तारखेवर पट्टी चिकटवली की पुढल्या वर्षी चालेल.’ पाहुणे आपला नारळ टेबलावरच विसरून गेलेले असतात. मामा तो उचलतात, कानाशी नेऊन हलवतात, शेंडीखालून निरखून बघतात आणि सांगतात, ‘सर, ह्यो आमच्याच माडाचो. गेल्या बाजाराक इकलेलो.’