जेलव्रत: विधी, निषेध आणि उद्यापन

लग्नसराई जवळ आली की घरोघरी हे व्रत घेतले जाते. याला तिथी-वार पाहावा लागत नाही, पार्लरची अपॉइंटमेंट पुरते. काळ दोन ते तीन आठवडे. फळे दोन: दहा चकचकीत नखे आणि भांडी घासण्यातून सूट. दुसरे फळ सर्वच घरांत मिळते असे नाही.

साहित्यात बेस कोट, रंग, टॉप कोट आणि दिवा. दिवा तुपाचा नव्हे, अतिनील किरणांचा. जेल हवेवर वाळत नाही. या दिव्याखाली त्यातले सुटे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि थर कडक होतो. म्हणून थर पातळ द्यावेत आणि दिवा त्या जेलला चालणाराच असावा. जाड थर वरून चकाकतो आणि आत कच्चा राहतो. हे कच्चे जेल कातडीला लागत राहिले तर ॲलर्जी उद्भवू शकते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर सोडत नाही. याच कुळातली रसायने दातांत भरायच्या सिमेंटमध्येही असतात. म्हणजे मेहुणीच्या लग्नातली हौस पुढे दाताच्या डॉक्टरपर्यंत पोचायची. ऑनलाइन मागवलेला स्वस्त संच घेऊन घरी पौरोहित्य करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. दिव्यात हात घालण्यापूर्वी सनस्क्रीन लावावे किंवा बोटांची टोके उघडी राहतील असे हातमोजे घालावेत.

क्युटिकल कापून घेऊ नये. पार्लरमधल्या ताई कितीही प्रेमाने कात्री घेऊन सरसावल्या तरी हात मागे घ्यावा. नख आणि कातडी यांच्यातली फट तीच बुजवते; ती गेली की जंतूंना आत यायला वाट मोकळी.

व्रतकाळात स्टीलच्या डब्याचे घट्ट झाकण नखाने उघडू नये. त्यासाठी चमचा आहे, आणि चमचा पुन्हा वाढवावा लागत नाही. धुण्याभांड्यांना रबरी हातमोजे घालावेत. फिक्या रंगाचे जेल लावून हळदीच्या कार्यक्रमात पुढे पुढे करू नये. जेलची कड सुटून आत पाणी साचू लागले तर नखावर हिरवा डाग दिसू शकतो. हा रंग आपण निवडलेला नसून जंतूंनी निवडलेला असतो. त्यावर गडद मरून शेड चढवून झाकपाक न करता जेल काढून डॉक्टरांना दाखवावे.

आता उद्यापन. बहुतेक व्रते इथेच मोडतात. दहाव्या-बाराव्या दिवशी एक कोपरा किंचित सुटतो. आपण सिग्नलला थांबलेलो असतो किंवा ऑफिसात कोणाचे तरी लांबलेले प्रेझेंटेशन ऐकत असतो, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा आपसूक कामाला लागतो. पापुद्रा सळसळत निघतो तेव्हा अपार समाधान मिळते, हे शास्त्रालाही मान्य करावे लागेल. फक्त त्या पापुद्र्याला नखाचेही थर चिकटून आलेले असतात. मग नखे कागदासारखी वाकली की दोष जेलच्या माथी.

शास्त्रोक्त विधी असा: चकाकीचा वरचा थर हलकेच घासावा. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन लावावे. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळावे आणि दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. ॲसिटोन चटकन पेट घेते. गॅस आणि देवघरातली समई दोन्ही लांब असू द्यावेत, खिडकी उघडी असावी. मऊ झालेले जेल लाकडी काडीने अलगद सरकवावे. सरकले नाही तर खरवडू नये, फॉइल पुन्हा गुंडाळावे. या वेळात मोबाइल हाताळता येत नाही. खरी तपश्चर्या ती हीच. शेवटी नखांना आणि भोवतालच्या कातडीला खोबरेल तेल चोळावे.

"नखांना श्वास घेऊ द्या," असे सांगणाऱ्या मावश्या प्रत्येक कुटुंबात असतात. नख मृत केराटिनचे असते, ते श्वास घेत नाही. त्याच्या मुळाला जे लागते ते रक्तातून मिळते. तरीही मावशींचे ऐकावे, कारण अधूनमधून जेल काढल्याशिवाय खाली काय चालले आहे ते कळत नाही. बायोटिनच्या गोळ्यांचा नैवेद्य मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये. धडधाकट माणसाला त्यांचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे त्यांनी चुकू शकतात.

हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. मार्गशीर्षात सोललेले नख पुरते नवे व्हायला ज्येष्ठ उजाडतो.

आणि ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर उद्यापन आधीच उरकून घ्यावे. ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटातून उजेड आरपार पाठवून काम करतो, आणि भूलतज्ज्ञांना आपल्या शेडचे कौतुक नसते.