आच्छादनमीमांसा, अर्थात पाचोळा कोणाचा?

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगून टाकावेत, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. प्रस्तुत प्रबंधाचा विषय: उन्हाळा लागताच वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे. प्रयोजन: पाणी एक दिवसाआड झाले तरी जास्वंद जगावी. संबंध: वरकरणी झाडांशी, वस्तुतः शेजाऱ्यांशी. राहिला अधिकारी. शास्त्रकारांना या शब्दाचा वेगळा अर्थ अभिप्रेत होता हे खरे. पण त्यांच्या काळी सोसायट्या नव्हत्या. पाचोळ्यावर अधिकार कोणाचा, या प्रश्नावर बागकामाची सगळी पुस्तके मूग गिळून बसली आहेत.

आधी पूर्वपक्ष पाहू. ‘बाग कशी झाडून लखलखीत हवी’ हे जुन्या बंगल्यांमधले मत. त्याचे मूळ अंगणात आहे. तुळशीवृंदावनापुढचे सडा घातलेले अंगण स्वच्छ हवे, याविषयी वाद नाही. परंतु त्याच खराट्याने वाफाही झाडला की काळी माती उघडी पडते आणि एप्रिलच्या दुपारी तव्यासारखी तापते. पुण्यात 30 एप्रिल 1897 रोजी पारा 43.3 अंशांवर गेल्याची नोंद आहे. ती हवेची, तीही सावलीतली. उन्हातल्या उघड्या मातीचा पृष्ठभाग याहून कितीतरी वर चढतो.

हे मोजण्याचे काम पुण्यातच झाले. हवामान खात्याने 1932 मध्ये कृषी हवामानशास्त्राचा विभाग येथे काढला, त्याचे प्रमुख रामदास. समर्थ नव्हेत, हे एल. ए. रामदास, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. रात्री सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून नसते, जमिनीच्या थोडी वर असते, असे त्यांनी सांगितले, तेव्हा परदेशी विद्वानांचा बराच काळ विश्वास बसला नाही. पुण्याबाहेरच्यांचे हे नेहमीचेच. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्यांनी काळ्या मातीवर खडूच्या भुकटीचा पातळ थर पसरून पाहिला. ऊन परतवले गेले, खालची माती थंड राहिली. पुण्यातल्या सोसायट्यांनी या संशोधनातून नेमका पांढरा रंग तेवढा उचलला आणि तो मातीऐवजी झाडांच्या बुंध्यांना फासला, वर गेरूचा पट्टा. विज्ञानाला चुना लावण्याची ही पद्धत आजही चालू आहे.

शब्दप्रमाणच हवे असेल तर कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर आहेत. गणिताचे शिक्षक, ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक. त्यांच्या शेतीत पाचोळ्याला मान होता, पण तो हिशेबातला: झाडाने उन्हातून जे कमावले ते पानात साठवले, मग ते फेकायचे कशाला? डार्विनने तर 1881 च्या आपल्या शेवटच्या पुस्तकात, गांडुळे पान बिळात ओढताना कोणत्या टोकाने धरतात, यावर पाने खर्ची घातली आणि खात्री करायला कागदाचे त्रिकोण कापून त्यांच्यापुढे टाकले. क्षुल्लक विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी एवढा आधार पुरे मानावा.

द्रव्यविचारात मतभेद फार. वर्षावृक्षाची बारीक पर्णिका पसरायला सोपी, पण बागेतून घरात आणि घरातून आमटीत तिला वाट सापडते. देशी बदामाचे तांबडे पान ऐसपैस. ते पालथे पडले की पाणी पत्रावळीवरून निथळावे तसे बाजूला जाते, म्हणून हाताने चुरगाळून घालावे. आंब्याचे पान चिवट, लवकर कुजत नाही. रसवंतीवरची चिपाडे फुकट मिळतात, पण सोबत मुंग्यांचे बिऱ्हाड येते. रद्दी वापरावी, असे काही जण सुचवतात. रद्दीला किलोमागे भाव मिळत असताना ती मातीत घालणारा माणूस पुण्याचा असू शकत नाही.

कृती थोडक्यात: आधी भरपूर पाणी, मग दोन-तीन इंचांचा थर, आणि बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी, नाहीतर खोड कुजते. पंधरवड्याने भर दुपारी तो थर बोटाने बाजूला करून पाहावा. वरची पाने कुरकुरीत. त्याखालची काळपट, एकमेकांना चिकटलेली, त्यांच्यावर बुरशीचे पांढरे धागे. आणि तळाशी माती ओलसर, गार. एखादी गोम लगबगीने दुसऱ्या पानाखाली जाते. प्रत्यक्षप्रमाण म्हणतात ते हेच.

आता मुख्य सिद्धान्त. फाल्गुनात गळलेले पान कोणाचेही नसते. होळीपर्यंत त्यावर पोरांचा हक्क. पुढे त्याचे ढीग लागतात, आणि घनकचरा नियमांनी उघड्यावर जाळायला बंदी असूनही पहाटे कोणीतरी काडी ओढतो. त्या धुरावर तिसऱ्या मजल्यावरून कोणी ब्र काढत नाही. मात्र कोणी गोणी घेऊन आला, की तोच ढीग मालमत्ता होतो.

“काका, हा पाचोळा नेऊ का?”

“कोणाला विचारलंत?”

“तुम्हालाच विचारतोय ना.”

“मी एकटा कोण देणारा? मीटिंगमध्ये घ्यावं लागेल.”

मीटिंग पावसाळ्यात असते. तात्पर्य, पाचोळ्याला किंमत सूर्यामुळे येत नाही, कर्बामुळेही नाही. दुसऱ्याला तो हवा आहे हे कळल्यामुळे येते. अनुभवी आच्छादक म्हणूनच विचारत नाहीत. ते सकाळी फिरायला जाताना पिशवी नेतात आणि ‘तेवढीच स्वच्छता’ म्हणून आशीर्वादही घेऊन येतात.

या सिद्धान्ताला एकच अपवाद नोंदवला पाहिजे. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने वाफ्यावरचा थर उडतो आणि शेजारच्या नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या काचेवर जाऊन बसतो. त्या क्षणी तो पुन्हा कचरा होतो, आणि त्याचा मालक कोण, याविषयी अख्ख्या सोसायटीत मीटिंगशिवाय एकमत होते.