असईत बंदूक नको, तोफेचं काम द्या

व्हीआरचा (आभासी वास्तवाचा) हेडसेट डोळ्यांवर चढवला की माणूस खेळात बुडालाच, असं धरून चालणाऱ्यांनी ऐकावं: बुडवतो तो खेळ. आणि प्रत्येक प्रकारचा खेळ वेगळ्या वाटेने बुडवतो.

२०१८ सालचा ‘बीट सेबर’ घ्या. त्यात ना गोष्ट, ना खरंखुरं वाटावं असं दृश्य. ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे दोन्ही हातांनी कापायचे, बस. तरी खेळणारा घामाघूम होतो, कारण अख्खं अंग कामाला लागलेलं असतं. ‘रेसिडेंट इव्हिल ७’सारख्या भीतीच्या खेळात अंग आखडतं, पाठीमागे काहीतरी आहे आणि मान वळवून बघावंच लागणार, एवढं पुरतं. मोटारशर्यतीत डोळे म्हणतात पळतोय, कानातला तोल म्हणतो बसलोय. या भांडणात पोट ढवळतं आणि रंगाचा बेरंग होतो. हैदराबादच्या ‘आयबी क्रिकेट’ या व्हीआर खेळाने हातात बॅट दिली, कारण रिकाम्या मुठीला कव्हर ड्राइव्ह पटत नाही.

मग आमच्या जालना जिल्ह्याचा खेळ कोणता? भोकरदन तालुक्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या मराठा फौजेवर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली चालून आला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. असईत तो जिंकला, पण दीड हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली ती एकट्या त्याच्या बाजूची. मराठ्यांचे काही गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले. शत्रूची रांग पुढे सरकताच उठले, तोफा फिरवल्या आणि तिच्या पाठीवर मारा केला.

या लढाईवर व्हीआर खेळ करायचा म्हटलं की पहिली कल्पना नेमबाजीची सुचणार: हातात बंदूक, समोर इंग्रजांचे लाल डगले, टिपत सुटा. ती कल्पना फेकून द्या. खेळणाऱ्याला तोफेवर उभं करा. नळी पुसा, दारू भरा, गोळा ढकला, ठासा, बत्ती द्या. यातली एकही पायरी गाळता येत नाही, आणि समोरची रांग तर जवळ येतेच आहे. मग त्याला जमिनीवर झोपवा. हेडसेट मानेची बारीकशी हालचालही टिपतो; मान हलली की संगीन. कधी उठायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं. अशा निश्चल पडण्यात जी धडधड आहे, ती शंभर गोळ्या झाडून यायची नाही.

पर्यटनाच्या नावाने कुणी अशा खेळाची खोली उभारणार असेल, तर पहिला पैसा इतिहासाच्या अभ्यासकाला आणि खेळ रचणाऱ्याला द्यावा, हेडसेटची खरेदी नंतर करावी. जुनं झालेलं यंत्र बदलता येतं. खेळणाऱ्याला दिलेलं कामच पोकळ असेल, तर ते त्याला पहिल्या मिनिटाला कळतं आणि तो पुन्हा फिरकत नाही.